अर्ध्या वळशातली वीज

मार्च अर्धा सरला की आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत माळ्यांवरून कूलर खाली उतरतात. पत्र्याची ती धुडं अंगणात आडवी पडतात, जाळ्यांतलं गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसलं जातं, नवं भरलं जातं, आणि संध्याकाळी पहिल्यांदा पाणी सोडलं की गल्लीभर ओल्या गवताचा कच्चा वास पसरतो. नागपूरच्या माणसाला उन्हाळा या वासानं कळतो. मला त्याच्याबरोबर परीक्षाही कळते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता कुणाची परीक्षा घ्यायची नाही की द्यायची नाही. तरी तो वास आला की मी मनातल्या मनात प्रात्यक्षिकाचे दिवस मोजू लागते.

यंदा त्यात भर म्हणून शेजारची नात गच्चीवर येरझारा घालत पाठांतर करते आहे. दहावीला आहे. ‘वाहक चुंबकीय क्षेत्रातून हलवला असता त्यात विद्युतधारा प्रवर्तित होते,’ असं ती एका दमात म्हणते, थांबते, मागे वळते, पुन्हा म्हणते. मी खाली भाजी निवडत बसलेली असते. ते वाक्य कानावर पडलं की माझं उजवं मनगट आपोआप वळतं. अर्धा वळसा, झटक्यानं. हातातली मेथीची जुडी तशीच राहते.

ती म्हणते त्यात चूक काहीच नाही. मीही तो नियम असाच पाठ केला होता, इंग्रजीतून, स्वल्पविरामासकट. तो मला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. आणि तरीही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, सत्तरच्या दशकातल्या एका मार्च महिन्यात, त्या नियमासमोर मी जवळजवळ आपटले होते.

तेव्हा आमच्यासाठी मार्च म्हणजे मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या तोंडी फुललेल्या संत्र्यांची, तोडणी. आमचं गाव नरखेड तालुक्यात, चहूकडे संत्र्याच्या बागा. बाग मात्र आमची एकही नव्हती. बाबा लाकडी खोकी ठोकायचे आणि आई फळं निवडायची. झाडाखाली ताडपत्री, ताडपत्रीवर संत्र्यांचा ढीग, ढिगाभोवती बायकांचं कोंडाळं. मोठं फळ एकीकडे, मधलं एकीकडे, डागी फळ मागे. मग तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गादीवर एकेक फळ रचायचं. मी सात वर्षांची असताना आईनं मला त्या कोंडाळ्यात बसवलं, आणि पहिला धडा दिला तो हाताचा.

“कुसुम, हळू ठेव वं. संत्र्याले मुका मार लागते. वरून दिसत नाही, आतून नासते. मंग एका फळापायी अख्खं खोकं जाते.”

मी फेकलेलं नव्हतं. नुसतं जरा उंचावरून सोडलं होतं. तेवढंही चालत नसे. पुढे माझा हात असा झाला की फळ तणसावर टेकताना त्याला स्वतःलाही कळू नये. शेजारच्या रखमाकाकू चिडवायच्या, “तुही पोट्टी तं संत्र्याले अंड्यावानी धरते वं. दिवसभरात दोन खोके भरन का नाही, देव जाणे.”

“धरू दे नं,” आई म्हणायची. “तिच्या हातचं खोकं दिल्लीले जाते, एक फळ नासत नाही. तुहं खोकं तं नागपुरातच वास मारते.”

बायका हसायच्या, रखमाकाकूही हसायच्या. मला मात्र ती शाबासकी अंगभर लागायची. घरातही तेच. भांडं ठेवलं तर आवाज नको, दार लावलं तर कळायला नको, चालताना जमीन दुखायला नको. हळू हात हीच माझी ओळख होती आणि मला तिचा अभिमान होता. शाळेत वह्या सुबक, अक्षर सुबक. फळा पुसतानासुद्धा खडूची धूळ उडत नसे.

मॅट्रिकला तालुक्याच्या शाळेत पहिली आले आणि नागपूरला कॉलेजात जायला निघाले. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजचं फाटकही पाहिलं नव्हतं. बाबांनी माझी पेटी स्वतः केली, खोक्याच्याच फळ्यांची, नुसती चांगली रंधून. मुलींच्या वसतिगृहात तिच्या फळ्यांना कितीतरी महिने संत्र्याच्या सालीचा वास होता. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्यांनी शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत मला बोलावून सांगितलं, “कुसुम, आमच्याकडे विज्ञानाला बाई नाही. मुली नववीनंतर गणित-विज्ञान सोडून देतात. तू पदवी घेऊन ये, जूनपर्यंत मी ती जागा धरून ठेवते. जूननंतर वरून कुणाला पाठवतील ते माझ्या हातात नाही.”

तेव्हा प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे. लेखी परीक्षेत कितीही गुण असोत, प्रात्यक्षिकात गेलं की वर्ष गेलं. म्हणजे माझं जून त्या एका दिवसावर टांगलेलं होतं. मी हे कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा तेच आठवे.

दिवाळीनंतर आई मला पोचवायला नागपूरपर्यंत पॅसेंजरनं आली होती. मांडीवर डबा, पायाशी पिशवी, आणि माझ्या हातात गणितांची वही. एक उदाहरण होतं: आगगाडी अमुक वेगानं धावते आहे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अमुक इतकं आहे, तर गाडीच्या आसाच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्टचा फरक पडेल. मी उत्तर काढलं आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की आपण त्याच गाडीत बसलो आहोत. खाली आस फिरतो आहे, तो लोखंडाचा, गाडी पुढे जाते आहे, आणि पृथ्वीचं क्षेत्र कापत चालली आहे. मला राहवेना.

“आई, आपण बसलो नं, या गाडीच्या आसात वीज तयार होऊन राहिली.”

आईनं वर बघितलं. “मंग डब्यातला दिवा काहून लागत नाही?”

“एवढी नसते. अगदी थोडी. सुई हलण्यापुरती.”

“मंग ते कोणाच्या कामाची,” आई म्हणाली आणि डब्याच्या झाकणाला बांधलेलं फडकं पुन्हा घट्ट करत बसली. समोरच्या बाकावरचे गृहस्थ मिशीतल्या मिशीत हसले. माझा मात्र तो प्रवास वेगळाच झाला. काटोल गेलं, कळमेश्वर गेलं, आणि मला सारखं वाटत राहिलं की आपण एका न दिसणाऱ्या पिकातून चाललो आहोत. विहिरीवर हेलकावे खाणाऱ्या बादलीच्या कडीत, लोहाराच्या वर-खाली होणाऱ्या घणात, सगळीकडे थोडं थोडं काही उमटत असणार आणि कुणाला पत्ताच नसणार.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत याच गोष्टीचा एक प्रयोग होता. लाकडी चौकटीत बसवलेलं ताटाएवढं एक गोल कुंडल, त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे शेकडो वेढे. त्याला अर्थ इंडक्टर म्हणत, अर्थ म्हणजे पृथ्वी. ते एका आसावर अर्धा वळसा फिरवायचं, एवढंच. त्या अर्ध्या वळशात तारेचे वेढे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कापतात आणि तारेतून क्षणभर वीज जाते. ती जाते दूरच्या टेबलावरच्या गॅल्व्हानोमीटरमध्ये. तिथे केसापेक्षा बारीक पट्टीला टांगलेला एक चिमुकला आरसा असतो. दिव्याचा झोत त्या आरशावर पडून समोरच्या काचेच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका उमटतो. वीज आली की आरसा वळतो आणि ठिपका पट्टीवरून पळतो. किती पळाला ते वाचायचं. कुंडल एकदा उभं आणि एकदा आडवं ठेवून फिरवलं की दोन आकडे मिळतात, आणि त्यांवरून पृथ्वीचं चुंबकत्व आपल्या गावी जमिनीत किती अंश झुकलेलं आहे ते काढता येतं.

हे सगळं प्रयोगशाळेच्या आतल्या कोपऱ्यात, काळ्या पडद्याआड. पंखा बंद, कारण वाऱ्यानं ठिपका थरथरतो. पहिल्या दिवशी मी टेबलाखाली वाकून बॅटरी शोधली होती. प्रयोगशाळेत सामान मांडून देणारे महादेवभाऊ, कन्हानहून रोज येणारे, केस पिकलेले, ते मागे उभे होते.

“काय शोधून राहिली वं बाई?”

“बॅटरी.”

“बॅटरी नाही याले. लोहचुंबकबी नाही. ज्याच्यावर तू उभी हायेस नं, तेच लोहचुंबक.”

मी नकळत चपलेकडे पाहिलं. ते पडदा सारून हसत निघून गेले.

पण त्याच दिवशी आमच्याकडून एका वहीवर सही घेतली होती. काही मोडलं तर जबाबदारी विद्यार्थ्याची. त्या कोपऱ्यातली केसाएवढी पट्टी तुटली तर ती परदेशातून येते, असं कुणीतरी सांगितलं. झालं. माझे हात तिथेच आखडले. प्रयोग जोडीनं करायचे असत. माझी जोडीदारीण सुलभा, नागपुरातल्याच महाल भागातली, वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात मोठी दोन भावंडं पदवीधर. तिला कशाचीच भीती नव्हती. ती कुंडलाची मूठ धरायची आणि दाराची कडी काढावी तशी फाडकन फिरवायची. मी लांब बसून ठिपका वाचायची. ठिपका एकदा पळाला की बराच वेळ इकडून तिकडे झुलत राहतो. एक चावी दाबून-सोडून त्याला शून्यावर आणावं लागतं. ते काम माझं. माझ्या हातानं तो दोन झोक्यांत निजायचा.

“फिरवायचं माझं, शांत करायचं तुझं,” सुलभा म्हणायची. “बघ, आपला संसार किती चांगला चालला आहे.”

महादेवभाऊंनी दोन-तीनदा पडद्यातून डोकावून विचारलं होतं, “अन् तू कवा फिरवशीन वं?” मी हसून वेळ मारून नेली. वर्ष सरलं. प्रयोगवहीत उत्तर बरोबर, आलेख सुबक, सरांची सही. माझा हात त्या मुठीला एकदाही लागला नव्हता, हे माझ्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रयोगाची चिठ्ठी उचलावी लागे. मी घडी उलगडली आणि तेच नाव. सुलभाची परीक्षा दुसऱ्या तुकडीत होती. ती व्हरांड्यात भेटली. माझं तोंड बघून तिनं हळू आवाजात सांगितलं, “घाबरतेस काहून? नागपूरचा अंश आपल्या सगळ्यांना पाठ आहे. जमलं नाही तर उत्तरावरून उलटं गणित मांड नं. आकडे आपोआप येतात. सगळे करतात.”

मी मान हलवली. आपल्याला त्याची गरज पडणार नाही असं वाटलं होतं.

पडद्याआड गेले तेव्हा महादेवभाऊ दिवा लावून बाहेर पडत होते. परीक्षेत त्यांना आमच्याशी बोलायची मनाई होती. ते माझ्याकडे न बघता गेले. जोडणी मी चांगली केली. टेबलावर उत्तर-दक्षिण रेघ आखली, कुंडल तिच्यावर नीट बसवलं, ठिपका शून्यावर आणला. तासभर गेला. मग मूठ धरली आणि फिरवली. हळूच, तणसावर फळ ठेवावं तशी.

ठिपका दोन बोटं सरकला आणि थांबला.

सुलभा फिरवायची तेव्हा तो वीतभर पळायचा. मी पुन्हा फिरवलं. या वेळी दीड बोट. पुन्हा. अडीच. एकाला एक आकडा जुळेना. मला वाटलं, जोड सैल आहे. सगळ्या तारा काढल्या, टोकं सँडपेपरनं घासली, पुन्हा जोडल्या. फिरवलं. दोन बोटं. पंखा बंद, मार्चची दुपार, काळा पडदा. घाम भुवईवरून वहीवर पडत होता. वाटलं, गॅल्व्हानोमीटर बिघडला. वाटलं, आपल्या हातूनच मोडला. मग तर मूठ आणखीच जपून धरली. पाऊण तास मी तेच करत होते. पट्टीवर तो पिवळा ठिपका, गरीब जनावरासारखा, जरासा हलायचा आणि परत यायचा.

मला मोठ्या बाईंचा चेहरा दिसला. मग मी पेन्सिल घेतली. पाठ असलेल्या अंशावरून उलटं गणित मांडलं आणि तक्त्यात दोन ओळी लिहिल्या. आकडे खरोखरच आपोआप आले. तिसरी ओळ लिहीत होते तेव्हा पडदा सरकला.

बाहेरचे परीक्षक होते. उंच, सुती कोट घामानं भिजलेला, हातात गुणांचा कागद. त्यांनी माझा तक्ता पाहिला, पट्टी पाहिली.

“एक रीडिंग माझ्यासमोर घ्या.”

मी फिरवलं. ठिपका दोन बोटं सरकला. त्यांनी पेन्सिलीतल्या आकड्यांकडे बघितलं, पुन्हा ठिपक्याकडे.

“हे आकडे कुठून आले?”

मी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“उत्तर पाठ आहे ना?”

“हो सर.”

“मग प्रयोग कशाला करता?”

ते तिथेच स्टुलावर बसले. मला वाटलं, आता लिहितील आणि संपेल. पण त्यांनी तोंडी परीक्षेचा प्रश्न विचारावा तसा शांतपणे विचारलं, “तारेत निर्माण होणारा विद्युतदाब कशावर अवलंबून असतो?”

मी सांगितलं. इंग्रजीतून, पूर्ण नियम, स्वल्पविरामासकट. क्षेत्र किती झपाट्यानं कापलं जातं यावर.

“झपाट्यानं,” ते म्हणाले. “मग तुम्ही असं का फिरवता?”

“मोडेल म्हणून, सर.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. “कुठल्या तुम्ही?”

“नरखेडकडच्या.”

“घरी काय करतात?”

“बाबा खोके ठोकतात. आई संत्री निवडते. मीही निवडते, सर.”

ते हसले नाहीत. “बरं, हे सांगा. तुम्ही हळू फिरवलं तर तारेतून एकूण विद्युतभार कमी जातो का?”

मी विचार केला. खरा विचार, त्या दिवशी पहिल्यांदा. पुस्तकातलं समीकरण डोळ्यांसमोर आणलं. त्यात वेळ कुठेच नव्हता.

“नाही सर. तेवढाच जातो.”

“मग ठिपका का पळत नाही?”

“थोडा थोडा जातो म्हणून. आरशाला धक्का बसत नाही. तो आपला सावकाश सरकतो आणि तेवढ्यात मागे ओढला जातो.”

ते उठले. “अर्ध्या तासानं येतो,” म्हणाले आणि पडदा सोडून गेले. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. ते मीच बोलून बसले होते.

नियम माहीत असणं आणि मनगटाला माहीत असणं यांत केवढं अंतर असतं, ते मला त्या पुढच्या पाच मिनिटांत कळलं. मी झटका द्यायचा ठरवून मूठ धरायची आणि हात मधेच मऊ पडायचा. चौदा-पंधरा वर्षांची सवय होती ती. आईचा आवाज, बायकांचं हसू, दिल्लीपर्यंत न नासलेली फळं, सगळं त्या मनगटात बसलेलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि फिरवलं. चौकट अर्ध्या वळशाच्या थांब्यावर आपटून खट् असा आवाज झाला. मोडलं, असं मनात आलं. डोळे उघडले तर ठिपका पट्टीवर नव्हता. तो पट्टीच्या टोकावरून निघून पलीकडच्या काळ्या पडद्यावर गेला होता आणि तिथून परत येत होता, डौलात, सगळी पट्टी ओलांडून दुसऱ्या बाजूला.

मी एकटीच त्या अंधारात उभी होते आणि मला हसू येत होतं. पृथ्वी माझ्या हाताला उत्तर देत होती. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही.

मग घाई. तारेच्या मार्गातला विद्युतरोध वाढवून ठिपका पट्टीत आणला, कुंडल उभं करून तीनदा, आडवं करून तीनदा फिरवलं. आता आकडे एकमेकांना ओळखत होते. सहा जोड्या हव्या होत्या, माझ्या तीनच झाल्या. उत्तर पाठ असलेल्या अंशापेक्षा दोनांनी चुकलं. पेन्सिल अजून जवळच होती. दोन अंश म्हणजे एका आकड्यातला एक फेरफार. मी पेननं त्या आधीच्या पेन्सिलच्या ओळींवर काट मारली आणि शेजारी लिहिलं की हे आकडे घेतलेले नाहीत. हळू फिरवून आलेले आकडे वेगळे मांडले आणि त्यांच्याखाली कारण लिहिलं. हे धैर्य होतं असं मला म्हणवत नाही. ठिपका पडद्यावर गेलेला पाहिल्यानंतर खोटा आकडा लिहायला जीव होईना, एवढंच.

परीक्षक आले. पान वाचलं.

“उत्तर चुकलं आहे.”

“हो सर.”

“कितीनं?”

“दोन अंशांनी.”

“पण तुमचं आहे.”

“हो सर.”

त्यांनी खाली सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांचं नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. मी त्यांची किती ऋणी आहे हे त्यांना कधी कळलं नसणार. ते मला त्याच वेळी नापास करू शकले असते आणि त्यात अन्याय काहीच नव्हता.

बाहेर माठापाशी महादेवभाऊ उभे होते. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मनाई आता उठली होती.

“आवाज आयकला म्या,” ते म्हणाले. “खट्कन. म्हटलं, फिरवलं पोट्टीनं.”

“तुम्ही वर्षभर काहून नाही सांगितलं, भाऊ?”

“सांगितलं असतं तं तू आयकलं असतं. हातानं केलं नसतं.” मग पेला परत घेत, “अन् तुह्या जोडीदारणीचा झटका मले आवडतच नव्हता. एखांद्या दिवशी खरंच मोडन ते.”

निकालापर्यंतचे दिवस मी गावी काढले. तोडणी संपलेली, बागा पाण्याविना तापलेल्या, पुढच्या बहारासाठी झाडांना ताण दिलेला. निकाल घेऊन येणाऱ्या गाडीसाठी रोज स्टेशनकडे कान. त्या दिवसांत मी आईकडे बघत बसायची. ती धान्य पाखडायची, गोधडीला टाके घालायची, सगळं सावकाश, आवाज न करता. परीक्षकांचा प्रश्न मला सोडत नसे. हळू फिरवलं तर कमी जातं का? नाही, तेवढंच जातं. आईच्या हातून आयुष्यभर जे गेलं ते कुणाहून कमी नव्हतं. रोज थोडं थोडं गेलं, म्हणून कुठल्या पट्टीवर ठिपका हलला नाही, कुणी मान वर करून पाहिलं नाही. मी पुढे जो काही झटका देऊ शकले तो तिच्याच साठ्यातून आला, असं मला वाटतं. तिला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मंग ते कोणाच्या कामाचं.

मी पास झाले. प्रात्यक्षिकात अगदी काठावर. बाबांनी निकालाचा कागद दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला आणि ठोकत असलेलं खोकं तसंच सोडून मोठ्या बाईंना सांगायला गेले. जूनच्या आत.

शाळेत पहिल्या वर्षी मी कपाट उघडलं तेव्हा गॅल्व्हानोमीटर एकच होता, फडक्यात गुंडाळलेला. तपासणीला साहेब आले की तो बाहेर निघे, साहेब गेले की परत आत. मी तो नववीच्या वर्गात टेबलावर ठेवला, नालेच्या आकाराचं लोहचुंबक ठेवलं, तारेचं वेटोळं जोडलं आणि मुलींना रांगेत उभं केलं. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं तार चुंबकाच्या मधून ओढायची. एकीनंही बघत बसायचं नाही.

रांगेत मंदा होती, संत्री निवडणाऱ्याच एका बाईची मुलगी. तिनं तार दोन बोटांत धरली आणि अशी हळू बाहेर काढली की सुई जागची हलली नाही.

“बाई, माह्याकडून नाही होत.”

“होते. झटक्यानं ओढ.”

“मोडन नं.”

“ओढ म्हणते नं मी.”

तिनं ओठ मिटले आणि ओढली. तार आली, तारेमागून गॅल्व्हानोमीटर आला, टेबलाच्या कडेवरून खाली गेला आणि फरशीवर त्याची काच फुटली. मंदाच्या हातात तार तशीच होती. आवाज ऐकून मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय फुटलं?”

“काच,” मी म्हटलं. “माझी जबाबदारी. वहीत माझं नाव लिहा.”

मोठ्या बाईंनी फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेल्या. मंदाच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं. मी खाली बसून काचा गोळा करू लागले.

“मंदा, पडायच्या आधी सुई हलली का?”

तिनं नाक ओढलं. “हलली, बाई.”

“किती घरं?”

“चार. डावीकडं.”

“मग वहीत लिही.”